आत्याची पट्टी : जुन्या कागदांत पणजी कशी शोधायची

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यात "नोंद सापडली का?" हा प्रश्न "पाऊस झाला का?" इतका सरावाचा झालाय. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलांच्या रेकॉर्ड रूममधली बासनं सुटली. घरोघर वंशावळी लिहून झाल्या. आमच्याकडेही झाली. पणजोबापासून पुतण्यापर्यंत पाच पिढ्या, आणि अख्ख्या कागदावर बाई एकही नाही. परक्या माणसाला वाटावं, हे खानदान नुसत्या बापांनीच वाढवलं.

खरी गोष्ट उलटी आहे. आम्हाला या गावात आणलं ते पणजीनं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तिचा नवरा गेला. दोन लेकरं घेऊन ती भावाच्या गावी, म्हणजे पाथरी तालुक्यातल्या या गावात आली आणि इथंच राहिली. गावातली म्हातारी माणसं अजून आम्हाला 'भाचे' म्हणतात. आमच्या शेताच्या एका तुकड्याला 'आत्याची पट्टी' असं नाव आहे. कोणाची आत्या, हे विचारावं असं मला चाळीस वर्षांत कधी वाटलं नाही.

तिचं नाव काय होतं, असं विचारलं तेव्हा चुलत्यानं देवीवरून ठेवलेलं एक नाव सांगितलं. आत्यानं नदीवरून ठेवलेलं दुसरंच सांगितलं. दोघांचं भांडण लागायची वेळ आली. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "आमच्या टायमाला बाईला नाव कुठं होतं बाप्पा? अमक्याची माय, तमक्याची सून, झालं."

तिथून शोध सुरू झाला. तुम्हालाही घरातली अशी एखादी पहिली बाई शोधायची असेल, मग ती गावात पहिल्यांदा येऊन वसलेली असो, पहिली शिकलेली असो की पहिली सुईण असो, तर रस्ता कसा आहे ते सांगतो.

नाव एक नसतं

लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आपल्याकडे होतीच. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं नवं नाव लिहायचं. म्हणजे एका बाईची किमान दोन नावं, आणि दोन्हीही खरी. माहेरच्या कागदांत एक, सासरच्या कागदांत दुसरं. आमच्या चुलत्याचं आणि आत्याचं भांडण तिथंच मिटायला हवं होतं.

आडनावाच्या मागे तर लागूच नका. जुन्या नोंदींत पुरुषालाही पुष्कळदा आडनाव नसतं, बाईला कुठून असणार? तिची ओळख एखाद्या जोडशब्दानं दिलेली असते. मराठवाड्यात सगळ्यांत जास्त दिसतं ते 'भ्र.', म्हणजे भ्रतार. 'गंगाबाई भ्र. माणिकराव' असं दिसलं तर माणिकराव हा नवरा. पुरुषांना 'वल्द' किंवा 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा. उर्दू वळणाच्या कागदांत 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा, 'बिंत' म्हणजे मुलगी. आणि एक शब्द पाठच करून ठेवा : 'मुसम्मात'. उर्दू कागदात हा शब्द आला की पुढं बाईचं नाव आहे असं समजायचं. आम्हाला कागद वाचून देणारे निवृत्त मास्तर तर पान हातात घेतल्यावर आधी हाच शब्द हुडकायचे.

नावाचा अर्थही काही सांगत असतो. दगडाबाई, धोंडाबाई, कोंडाबाई अशी नावं आधीची लेकरं जगली नाहीत की ठेवायचे, काळाची नजर पडू नये म्हणून. पणजीचं नाव असं असेल तर तिच्या आधी पाळण्यातून गेलेली भावंडं होती, असा अंदाज बांधता येतो. याच नावाची एक बाई हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढली, जालना जिल्ह्यात बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. तुमच्या घरातली कोणी त्या लढ्यात असेल तर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाईल आधी शोधा, तिथं अर्जदार बाईची हकीकत असते.

(आपल्या मुलखात बाईची ओळख दुसऱ्याच्या नावानं सांगायची सवय फार जुनी. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ मध्ये जन्मलेल्या संत बहिणाबाई निराळ्या. त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत माहेरचं गाव, आईबाप, नवरा, सगळं स्वतःच सांगून ठेवलं. अशी पणजी लाभायला नशीब लागतं.)

कागद कुठं पाहायचे

पुष्कळ जण थेट सातबारा काढतात आणि निराश होतात. सातबाऱ्यावर आजची माणसं असतात. बाई सापडायची तर जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याच्या नोंदींत, आणि तिथंही मुख्य ओळीत नाही, तर कडेकडेनं.

पहिली जागा 'अ.पा.क.'. अज्ञान पालनकर्ता. नवरा वारला, पोरं लहान, जमीन पोरांच्या नावावर चढली, तर त्यांच्या नावापुढं पालनकर्ता म्हणून आईचं नाव येतं. कुटुंबाचा सगळा भार वाहणारी बाई सरकारला दिसते ती या तीन अक्षरांच्या आड.

दुसरी जागा हक्कसोड. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, आणि लगोलग तो सोडून द्यायची पद्धतही रूढ झाली. बहिणींनी साडीचोळीवर समाधान मानून भावांच्या हक्कात सह्या किंवा अंगठे दिले. मला हे कागद वाचताना राग येतो. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीनं ते सोनं आहे, कारण हक्क सोडणाऱ्या बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवरा आणि गाव एकाच पानावर असतं. तिचा वाटा गेला, पत्ता मात्र राहिला.

तिसरी जागा दत्तकपत्र. निपुत्रिक विधवेनं मुलगा दत्तक घेतला असेल तर त्या दस्तात ती स्वतः बोलते, कोणाची तरी बायको म्हणून कडेला उभी नसते. असे दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखतं आणि मृत्युपत्रांबरोबर असतात.

पण मला सगळ्यांत कामाचा वाटला तो कागद म्हणजे १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. आपल्याकडे जनगणनेचे मूळ कागद पाहायला मिळत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्यानं ते गोपनीय आहेत. मात्र १९५१ च्या जनगणनेतलीच माहिती उतरवून गावोगावची ही नोंदवही तयार झाली होती. घर नंबर, घरातली सगळी माणसं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पोट भरायचं साधन. सगळी माणसं, म्हणजे बायाही. कुणबी नोंदींसाठी जे कागद तपासायचे ठरले त्या यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही यांच्याबरोबर हे रजिस्टरही होतं, त्यामुळं पुष्कळ ठिकाणी ते आता वर काढलेलं आहे. आमच्या पणजीची ओळ मला तिथं दिसली. मुलगा कर्ता, त्याच्याखाली 'आई', वय ६०, आणि नाव नदीवरचं. आत्या जिंकली. वयावर मात्र विसंबू नका. अशा नोंदींत म्हाताऱ्या माणसांची वयं ५०, ५५, ६० अशी गोल असतात, कारण विचारणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं दोघांनी मिळून अंदाज केलेला असतो.

याच १९५१-५२ च्या काळात पहिली निवडणूक झाली. तेव्हा देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको असंच सांगितलं. ही नावं बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. पण आमच्या आत्याचं वाक्य आठवलं की वाटतं, आपण फार वेगळे नव्हतो.

मुसलमान कुटुंबांचं काम या बाबतीत थोडं सोपं आहे. निकाहनाम्यात नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, मेहेरची रक्कम आणि साक्षीदार असतात, आणि जुन्या काझींच्या घराण्यांकडे अशा नोंदवह्या जपलेल्या असतात. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेलसारख्या मिशनच्या गावाशी नातं असेल तर चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं विचारा.

कागद मिळतो, पण वाचता येत नाही

इथं बरेच जण हात टेकतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. १८८० च्या दशकात तिथं फारसी जाऊन सरकारी भाषा उर्दू झाली, गावपातळीवर मोडी चालू राहिली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. उर्दूच्या घाईच्या अक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले, आणि 'क' व 'ग' मध्ये फरक एका तिरक्या रेघेचा. एकाला जी काशी दिसते ती दुसऱ्याला गाशी दिसू शकते. म्हणून एकाच वाचणाऱ्यावर थांबू नका. आणि वाचून घ्यायला जाताना घरातल्या सगळ्या नावांची यादी बरोबर न्या, ओळखीचं नाव डोळ्याला लवकर सापडतं.

तारखा फसली, म्हणजे महसुलाच्या सनात असतात. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिन्यांची नावं आझर, दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी. सनात ५९० मिळवले की ते वर्ष इसवीच्या कोणत्या सालात सुरू झालं ते कळतं. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. घरच्या भांड्यांवर किंवा पत्रिकेवर शके असेल तर ७८ मिळवायचे.

गावांचा आणि जिल्ह्यांचा घोळ वेगळाच. अंबाजोगाई शोधत असाल तर जुन्या कागदांत मोमिनाबाद पाहा. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. याहून मोठा घोळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. म्हणजे निलंग्याच्या पणजीचा कागद आज कर्नाटकात असू शकतो आणि किनवटच्या पणजीचा तेलंगणात. संस्थानाच्या वरच्या दप्तराचा मोठा साठा हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. मी तिथवर गेलो नाही. मला तहसिलातच एक पान मिळायला तीन खेपा लागल्या, आणि त्यातल्या दोन खेपा किल्ली ज्यांच्याकडे होती ते साहेब रजेवर असल्यामुळं गेल्या.

घरातलं दप्तर

सरकारी कागदाइतकाच पक्का पुरावा तुमच्या माळ्यावर आहे. तांब्या-पितळेची भांडी. आहेरात आलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. आमच्या घरी एक घागर आहे. तिच्या काठावर शके १८५७ आणि मामाकडून आहेर असा मजकूर, पुढं मामाचं पूर्ण नाव आडनावासकट. लग्न आजोबांचं, म्हणजे तो मामा पणजीचा भाऊ, आणि ते आडनाव पणजीचं माहेरचं. १९३५ पासून घागर घरात आहे आणि दर दिवाळीला चिंचेनं घासली जाते, पण घासताना ती वाचायचं कोणाला सुचलं नव्हतं. तुमच्याकडचं असं भांडं भंगारात घालण्याआधी काठ तेवढा वाचा.

श्राद्धाकडेही माहितीचा साठा म्हणून पाहा. विधिवत श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांच्या बायकांची नावं उच्चारावी लागतात, आईच्या बाजूचे पितरही येतात. वंशावळीत नसलेली नावं तिथं म्हणावीच लागतात, म्हणून ती गुरुजींच्या किंवा घरातल्या थोरल्याच्या तोंडपाठ असतात. पितृपक्षात तिचं पान अविधवा नवमीला वाढत असतील तर ती नवऱ्याच्या आधी गेली, हे कागद न पाहता कळलं. त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी-गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे कुटुंबांच्या नोंदी असतात, आणि विधवा बाया तीर्थाला जातच असत. तुमच्या घराण्याची वंशावळ सांगणारे भाट किंवा हेळवी अजून येत असतील तर त्यांना नुसता शिधा देऊन वाटेला लावू नका. बसवा, चहा द्या, आणि लेकी कुठं दिल्या ते विचारा.

म्हाताऱ्या बायांशी बोलताना सन विचारू नये. "मानमोडीच्या आधी का नंतर? रझाकाराच्या टायमाला पोरगं केवढं होतं? बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का?" असं विचारलं की उत्तर मिळतं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेणार नाही, ते शेजारच्या जावेला विचारायचं. आणि जात्यावरची ओवी म्हणायला लावा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या त्या काही उगीच नाही. बाईनं कागदावर कधी न लिहिलेलं माहेर, भाऊ, वाटेतली नदी, सगळं त्यात येतं.

आता आडनाव

इथं सगळ्यांत जास्त थापा ऐकायला मिळतात. प्रत्येक आडनावामागं एक लढाई, एक राजा आणि एक तलवार असते. शंका घ्या. बहुतेक आडनावं फार साध्या कारणानं चिकटलेली आहेत, आणि कायमची झाली ती शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. मास्तरनं विचारलं, बापानं सुचेल ते सांगितलं, मास्तरनं ऐकू आलं ते लिहिलं. ज्या वहीनं निम्म्या मराठवाड्याला १ जून ही जन्मतारीख दिली, तिनंच आडनावंही दिली. म्हणून सख्ख्या चुलत भावांची आडनावं वेगळी असू शकतात. एक पाटील, दुसरा गावावरून अमुककर.

देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही मुळात कामाची नावं. परगण्याचा महसूल पाहणारा देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे. हे काम गावोगाव वेगवेगळ्या घराण्यांकडे होतं, म्हणून दोन देशमुख भेटले तर ते नातेवाईक असतीलच असं नाही. चव्हाण, पवार, जाधव ही तर मराठ्यांत आहेत, बंजारा तांड्यांवर आहेत आणि इतरांतही आहेत. नांदेडकडे '-वार' शेवट असलेली आडनावं भेटतात, त्यांचं नातं तेलुगूतल्या 'वारु'शी. उदगीर-निलंग्याकडे बिरादार आणि मठपती भेटले की कर्नाटक जवळ आल्याचं कळतं.

'-कर' वाल्यांनी एक लक्षात घ्यावं. पैठणमध्ये राहणाऱ्याला पैठणचे लोक पैठणकर कशाला म्हणतील? ते नाव पडतं गाव सोडल्यावर, नव्या गावच्या लोकांकडून. म्हणजे '-कर' आडनाव घराणं कुठून निघालं ते सांगतं. आमच्या बाबतीत निघाली ती पणजी. तिच्या पोरांना या गावानं बापाच्या गावावरून हाक मारली, आणि तेच शाळेत लागलं. आडनाव बापाच्या गावाचं खरं, पण ते पडलं आईनं गाव सोडलं म्हणून.

अडचण अशी की त्या नावाची गावं एकाहून जास्त. वडगाव, टाकळी, पिंपळगाव यांच्यासारखंच. अशा वेळी कुलदैवत आणि देवक कामाला येतात. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी यांचे भक्त लांबलांब पसरलेले (योगेश्वरी तर कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवी), त्यामुळं त्यांच्यावरून फारसं कळत नाही. लहान टापूचा देव असेल तर कळतं. आमच्या घरचे लोक मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाला जातात. पाथरीकडच्या माणसानं तिकडं का जावं, याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. नकाशावर पाहिलं तर आमच्या आडनावाच्या गावांपैकी दोन माळेगावच्या टप्प्यात आहेत. दोन्हींतलं कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. एका गावात म्हाताऱ्यांनी आमचं आडनाव ऐकून खांदे उडवले, जे साहजिकच आहे. तिथं आमचं ते आडनाव नसणारच. आता पणजोबाच्या बापाचं नाव घेऊन जायचं ठरवलंय.

आत्याच्या पट्टीचा उलगडा मात्र झाला. मास्तरांनी एका उर्दू पानावर 'मुसम्मात' शोधलं, त्यापुढं देवीवरचं नाव निघालं, चुलत्यानं सांगितलेलं. जमीन देणारा भाऊ, घेणारी मुसम्मात अमुक, म्हणून नाव माहेरचं. चोळीबांगडीसाठी भावानं बहिणीला दिलेला तुकडा. त्या भावाची पोरं तिला आत्या म्हणत, म्हणून गावानं शेताला तेच नाव दिलं. पुढं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, भावाचा वंश मुंबईला गेला, पण नाव राहिलं. परवा आमचा सालदार फोनवर म्हणाला, "आत्याच्या पट्टीतलं सोयाबीन काढायला आलंय." मी "बरं" म्हणालो. आमची ती पणजी लागते, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.